गाळ काढण्याचा दिवस

आज दिवसभरात मी एकही ओळ लिहिली नाही.
अकराशे बारा पुसल्या.

धुळ्यात, देवपूरला ऑफिस. खाली वेल्डिंगचं दुकान;
ठिणगी उडाली की वरची ट्यूब लुकलुकते
आणि यूपीएस एक उसासा टाकतो.

जिनिंगवाल्यांना हवी होती फक्त ओलीची घट:
कापूस दमट असला तर क्विंटलमागे किती किलो कापायचे.
निंबानं मंगळवारी एआयला सांगितलं,
चहा निवायच्या आत लिहून तयार.
बुधवारी पावतीसाठी सांगितलं, त्यानं परत लिहिलं.
गुरुवारी हिशेबासाठी. परत.
तिन्ही वेळा नेटकं, तिन्ही वेळा नम्र,
नावंसुद्धा माझ्याहून सुरेख ठेवलेली.
फक्त एकानं दशांश वर ढकलला, एकानं खाली,
आणि तिसऱ्यानं हिशेबाच्या खोलीतून
थेट काट्याच्या पोटात हात घातला.

शनिवारी शिरपूरहून उखा आप्पांचा फोन,
तीस वर्षं काट्यावर बसलेला माणूस:
“ताई, पावतीवर बावीस किलो, बिलावर सव्वीस.
हाई काय शे?”

चार किलो.
कोणाच्या ट्रॅक्टरमधले, ते त्यांना कळेना.
मलाही सांगता येईना,
आणि मला चार किलोंपेक्षा ते जास्त लागलं.

पांझरेकाठी आमच्या फडावर
पाण्याची पाळी सुरू व्हायच्या आधी एक दिवस ठरायचा.
घरटी एक माणूस, फावडं, घमेलं.
न येणाऱ्याला दंड, मग तो सरपंच का असेना.
पाटात उतरून गाळ काढायचा.
गाळ वाईट नसतो.
तोच वावरात पसरला तर कपाशी खांद्याला लागते.
पाटात राहिला
तर शेवटच्या वावराला पाणी पोचत नाही,
आणि पहिल्या वावराला हे कधीच कळत नाही.

एआयला मी शिव्या देत नाही.
सांगितलं तिथं त्यानं माती टाकली.
बांध कुठं आहे हे आम्ही त्याला सांगितलं नव्हतं.
खरं तर आम्हालाच आठवत नव्हतं.

जिनच्या कॅलेंडरचं फेब्रुवारीचं पान उलटं केलं,
चार चौकोन काढले: काटा, ओल, हिशेब, पावती.
बाण एकाच दिशेनं.
निंबा म्हणाला, “पण चालत होतं ना?”
चालत होतं.
अर्धा तास आम्ही एका बाणावर भांडलो,
तो खोडला, परत काढला, कागद फाटला.
मग तेच चौकोन साध्या मराठीत एका फाईलीत लिहिले,
एआयनं कामाला बसण्याआधी रोज वाचायची म्हणून,
आणि एक चाचणी बसवली, बंधाऱ्यावरच्या जागल्यासारखी:
कोणी बांध ओलांडून हात घातला की ओरडणारी.
ती लिहिली एआयनंच, आणि चांगली लिहिली.
बाण मात्र आमचे.

पहिल्याच फेरीत जागल्या सात वेळा ओरडला.
पाच ठिकाणं या आठवड्यातली.
दोन माझी,
चार वर्षांपूर्वीची, दिवाळीच्या आदल्या रात्रीची,
जेव्हा एआय नव्हतं, मीच होते
आणि मला घरी जायची घाई होती.
निंबा काही बोलला नाही.
शेंगदाण्यांची पुडी माझ्याकडे सरकवली.

संध्याकाळी साहेबांनी विचारलं, आज काय झालं?
“अकराशे बारा कमी,” म्हटलं.
त्यांच्या तक्त्यात कमीला रकाना नाही.
त्यांनी शून्य लिहिलं.

मग उखा आप्पांना फोन लावला.
मागं जिनचा घुरघुराट, त्यांचा खोकला.
“तेवीस,” म्हटलं, “ना बावीस ना सव्वीस.
कागद घ्या, कसे ते सांगते.”

आणि सांगता आलं.